आखूड फळी

३ फेब्रुवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कागद फाटायला आला तेव्हा नुसतं दादा ठेवलं.

मी तुरुंगात आहे. घाबरू नकोस, नोकरीला. हा एक दिवस तिथंच जाणार असं तू म्हणायचास, तर गेलो, पण संध्याकाळी बाहेर सोडतात. गोदामाचं काम सोडलं, त्याआधी बंदरावरचं सोडलं होतंच. माझं एका जागी बूड टेकत नाही हे खरं आहे. पण इथं टिकेन असं वाटतंय. बाकी सगळीकडे मला लोक जा म्हणायचे, इथं जो तो म्हणतो थांब जरा.

कैदी म्हातारे झाले की त्यांचं काय होतं, याचा तू कधी विचार केलायस? मी नव्हता केला. इथं त्यांची वेगळी बराक आहे. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, खिडक्या उंचावर. संडासाचं दार पिवळंधमक रंगवलंय, कारण निम्म्यांना ते सापडत नाही. मी मदतनीस. अंघोळ घालायची, दाढी करायची, नखं काढायची, ज्याचा हात तोंडापर्यंत जात नाही त्याला भरवायचं. माझ्यावर एक सिस्टर आहेत, त्यांचा आवाज शिपायांपेक्षा मोठा.

बाकीच्या बराकींत मोजणीला माणसं उभी राहतात. आमच्याकडे उभं राहणं कुणाला जमत नाही, म्हणून पांघरुणातून एक पाय बाहेर काढून ठेवायचा. शिपाई पाय मोजत जातो. एक आजोबा आहे, जन्मभर खिसे कापले त्यानं. तो मुद्दाम दोन पाय दोन टोकांना काढून ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, एक माझा, दुसरा शेजाऱ्याचा मारलाय." त्याचे हात आता लटलट कापतात. म्हणतो, "हात कापायला लागले म्हणून धरला गेलो, नाहीतर मला धरायला कुणाची माय व्याली होती!"

कोपऱ्यातल्या खाटेवर सुतारबाबा असतो. एकेकाळी उंच असणार, आता वाकलाय. डोक्यातलं सगळं पुसट होत चाललंय. जेवला की नाही ते आठवत नाही, पण टेबलापाशी बसवला की कडेवरून अंगठा फिरवतो, रंधा नीट फिरलाय का बघतो. पहिल्या दिवशी मी टॉवेल घेऊन त्याच्यापाशी गेलो, तर माझ्याकडे बघून म्हणाला, "बारक्या, इतका उशीर?"

तुझ्याशिवाय मला या नावानं कुणी हाक मारलेली नाही. जगातल्या निम्म्या धाकट्या भावांना घरात बारक्याच म्हणतात म्हणा. पण टॉवेल हातातून पडला.

वहिनीला नमस्कार. डाव्या कानाचं विचारशील तर बरा आहे. इथं सगळ्यांना जिन्यावरून पडलो असं सांगितलंय.

बारक्या


१९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. तुला लिहायचा कंटाळा, गॅरेजबाहेरची पाटीसुद्धा तू माझ्याकडून लिहून घेतली होतीस. त्यातही मी एक अक्षर खाल्लं होतं आणि ती तशीच टांगलीस.

सुतारबाबा इथं का आहे ते सिस्टरकडून कळलं. त्यानं धाकट्या भावाला मारलं. दोघांचं मिळून सुतारकाम होतं. भावानं एक फळी आखूड कापली, त्यावरून जुंपली आणि यानं त्याच्या डोक्यात हातोडा घातला. भाऊ जागच्या जागी गेला. फळीवरून, दादा. ऐकलं तेव्हा मी बादली भरत होतो, ती भरून वाहायला लागली तरी मी नळाकडे बघत उभा.

आणि बाबाला यातलं काहीच आठवत नाही. जेव्हा तो मला बारक्या समजतो तेव्हा ठीक असतं. जेव्हा समजत नाही तेव्हा विचारतो, "बारक्या भेटायला कधी येणार? सगळ्यांचे भाऊ येतात." मी पहिल्यांदा खरं सांगितलं. म्हटलं, बाबा, तो गेला. "कसा गेला?" म्हटलं, तुम्ही मारलंत. दादा, तो असा रडला की समोरच्या खाटेवरचा बहिरा माणूस उठून बसला. मग दमून झोपला. उठला आणि म्हणाला, "बारक्या भेटायला कधी येणार?"

सिस्टर माझ्यावर खेकसल्या, "त्याला रोज नव्यानं फाशी देणार आहेस का तू?" तेव्हापासून मी 'उद्या येणार' म्हणतो. उद्या म्हटलं की तो हातानं केस बसवतो.

आता मुद्द्याचं. त्याला सोडवायचं घाटतंय. एक वकीलबाई आहेत, फुकट काम करतात, बोलता बोलता खुर्चीवरच डुलकी काढतात इतक्या दमलेल्या असतात. गावाबाहेर म्हाताऱ्यांचं एक घर आहे, ते लोक याला घ्यायला तयार आहेत. खिडकीजवळची खाट ठेवलीय. फक्त सुटकेच्या मंडळानं हो म्हणायला हवं. मागच्या खेपेला मंडळानं विचारलं, तुम्ही काय केलंत? बाबा म्हणाला, "टेबलं केली, खुर्च्या केल्या. एक पाळणा केला होता, तो चांगला झाला होता." त्यांनी लिहिलं, पश्चात्ताप दिसत नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला होता. अध्यक्ष म्हणाले, हा विसरतो एवढंच या कागदात आहे, याला वाईट वाटतं असं कुठं आहे? आता एप्रिलमध्ये पुन्हा बोलावणार आहेत. या वेळी नाही म्हणाले तर ती खाट दुसऱ्याला जाईल, आणि बाबाचं वय बघता तिसरी खेप काही येत नाही.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा परवा गेला. शेवटी त्याला बाहेरच्या दवाखान्यात नेला होता, सोबत मी होतो. नियम म्हणून पाय पलंगाला साखळीनं बांधलेला. जो माणूस पाय स्वतःहून उचलू शकत नव्हता, त्याचा पाय. साखळी गार पडायची म्हणून मी मध्ये माझा रुमाल घातला. तो तसाच गेला, साखळीसकट.

सुतारबाबाचं तसं होऊ द्यायचं नाही. सध्या डोक्यात तेवढंच आहे.

बारक्या


११ मार्च

दादा,

वकीलबाई जाता जाता बोलून गेल्या, "दोन वाक्यं त्याच्या तोंडून आली असती तरी पुरे होतं." त्या बोलल्या आणि गेल्या. मी मात्र ते धरून बसलो.

रोज दाढी झाली की शिकवणी. मी विचारतो, "बाबा, तुम्ही कुणाला मारलं?"

"सकाळी एक झुरळ मारलं."

"झुरळ नाही. माणूस."

"छे! माणूस कशाला मारू? मी सुतार आहे."

मग मी सांगतो. मग तो रडतो. मग मी म्हणतो, आता तुम्ही म्हणा. तो हुंदके देत माझ्यामागून म्हणतो, मी माझ्या धाकट्या भावाला मारलं, मला त्याचं फार वाईट वाटतं. दुपारी विचारावं तर पाटी कोरी. आपल्या मास्तरांची छडी आठवते? निदान ते पाढे तरी शिकवायचे.

खिसेकापू आजोबा पलीकडच्या खाटेवरून सगळं ऐकत असतो. काल म्हणाला, "पोरा, आम्हाला विसरायला जन्मभर दारू प्यावी लागली, तरी साधलं नाही. त्याला फुकटात मिळालंय आणि तू ते काढून घेतोस? माझ्यापेक्षा मोठा खिसेकापू निघालास की रे!" सगळी बराक हसली. मीही हसलो. नंतर भांडी घासताना एकच ताट तीनदा घासलं.

सिस्टरना पटत नाही. चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "हे त्याच्यासाठी करतोयस की स्वतःसाठी?" मी तडकलो. म्हटलं, त्याच्या पायात साखळी पडेल तेव्हा तुम्ही काढायला येणार आहात का? त्यांनी नवी चादर उलगडली. मग म्हणाल्या, "चादरीचं ते टोक धर." मी धरलं.

एक गंमत सांगतो. गंमत नाही म्हणा. रोज तेच तेच विचारून असं झालंय की प्रश्न तोंडातून निघतो तेव्हा समोर बाबा असतो, पण मी त्याला विचारतोय असं वाटत नाही. तुला आठवतं का रे? जाऊ दे. चाकांचं सामान महाग झालंय म्हणतात, तुझ्याकडे काम कसं आहे?

बारक्या


२८ मार्च

दादा,

झालं. त्याला आठवलं. कसं ते सांगतो, पण पत्र वहिनीसमोर वाचू नकोस.

शिकवणीनं काही होत नव्हतं. पण लाकूड हातात आलं की बाबा वेगळा माणूस होतो हे मी बघून ठेवलं होतं. बराकीत औषधांच्या बाटल्यांना मांडणी हवी होती. तुरुंगाच्या कारखान्यातून फळ्या मिळाल्या. बाबानं मांडणीचं माप घेतलं, दोरीनं, आणि फळीवर नखानं रेघ ओढली. नखाची रेघ पण काय सरळ! म्हणाला, "बारक्या, इथं काप." कापायची कारखान्यात, करवत बराकीत आणू देत नाहीत.

मी गेलो आणि ती फळी मुद्दाम आखूड कापून आणली.

बाबानं ती मांडणीत ठेवली. एका बाजूनं ती टेकेना, आत पडली. त्यानं उचलली, परत ठेवली, परत पडली. मग तो वळला. दादा, त्याची पाठ सरळ झाली होती. इतके दिवस मी त्याला उंच बघितलाच नव्हता.

"माप घेतलं होतंस?"

त्याचा हा आवाज मी ऐकला नव्हता. आणि आपोआप माझ्या तोंडून गेलं, "घेतलं होतं, दादा." गॅरेजमधून निघालो त्यानंतर हा शब्द मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारला.

"खोटं बोलतोस?"

"चुकलं, दादा."

हात वर गेला. हातात काही नव्हतं, पण मूठ हातोडा धरल्यासारखी होती. सिस्टर ओरडल्या. मी डोळे मिटले. माझी मान डाव्या बाजूनं आत गेली. ती अजून जाते, कुणी नुसतं दार आपटलं तरी जाते.

हात आला तो खांद्यावर. चिमणी बसावी तसा. मग बोटं वर सरकली, मानेवरून, कानामागून, आणि केसांत जिथं माझा वण आहे तिथं थांबली. अंगठ्यानं तो टेबलाची कड बघतो तसा वण बघत होता. खालून वर, वरून खाली.

"इथं लागलं ना?" म्हणाला.

मी डोळे उघडले.

"बारक्या," तो म्हणाला, "तू मेलास की रे."

आणि खाली बसला. रडला नाही. हात मांडीवर उलटे ठेवून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी काही विचारलं नाही. दाढीचा साबण लावत होतो, तर तोच म्हणाला, "मी बारक्याला मारलं." त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आज पण. पक्कं बसलंय. मी धावत जाऊन सिस्टरना सांगितलं. मला वाटलं त्या पाठ थोपटतील. त्यांनी आखूड फळी उचलली आणि कपाटामागे नेऊन ठेवली.

रात्री झोप लागत नाही. त्याला माझा वण एका फटक्यात कसा सापडला, ते कळत नाही.

बारक्या


९ एप्रिल

दादा,

काल मंडळापुढे नेलं. बाबाला मी माझा सदरा घातला होता, बाह्या दुमडून. लांब टेबलाच्या पलीकडे तीन माणसं, अलीकडे बाबा, त्याच्या बाजूला वकीलबाई, मागे मी. बाबानं बसल्याबरोबर टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, "तुम्ही इथं का आहात ठाऊक आहे?"

"मी बारक्याला मारलं."

माझं वाक्य नव्हतं ते. मी शिकवलेलं 'फार वाईट वाटतं' वगैरे त्यात काहीच नव्हतं. त्यानं आपल्या मनानं सांगितलं.

"फळी आखूड कापली त्यानं. मी बोललो. तो हसला. त्याला हसायची खोड होती. म्हणाला, दादा, फळीच आहे, कुणाचा जीव नाही गेला. मग मी हातोडा मारला."

"मग?"

"मग तो पडला."

"मग तुम्ही काय केलंत? कुणाला बोलावलं?"

बाबानं अंगठा टेबलाच्या कडेवर ठेवला. "मग मी दुसरी फळी कापली," म्हणाला. "बरोबर मापाची. बसवली. चांगली बसली. मग लोक आले."

वकीलबाई टक्क जाग्या होत्या. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हळू विचारलं, "आजोबा, तुम्हाला त्याचं वाईट वाटतं?"

बाबा खुर्चीत वळला. वळायला त्याला वेळ लागतो. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "त्याला विचारा. त्याला अजून दुखतं का, ते विचारा."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. वकीलबाईंनी मान खाली घातली. मला वाटलं संपलं, आता म्हणतील हा भ्रमिष्ट आहे, न्या परत.

मी म्हटलं, "नाही दुखत, दादा."

अध्यक्षांनी चष्मा परत घातला. मग लिहिलं. सुटका मिळाली.

बराकीत आल्यावर खिसेकापू आजोबानं त्याला मिठी मारली आणि त्याच्या खिशातला माझा रुमाल काढून घेतला. म्हणाला, "आठवण म्हणून." दोघंही खूश होते. मीही खूश आहे. खूशच असायला हवं ना?

बारक्या


२ मे

दादा,

बाबा सुटला त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याला भेटायला गेलो होतो. घर चांगलं आहे. खिडकीबाहेर झाडं, दाराला आतूनही कडी नाही. स्वयंपाकीणबाई मायाळू आहेत, त्याला भात मऊ करून देतात. पायात साखळी नाही. जे हवं होतं ते सगळं मिळालं.

पण बाबा पांघरुणातून पाय बाहेर काढून बसलेला असतो.

मला वाटलं सवय असेल. म्हटलं, बाबा, इथं मोजणी नसते, पाय आत घ्या. तर म्हणाला, "पोलीस यायचेत." कशाला? "मी सकाळी बारक्याला मारलं ना."

सकाळी, दादा. त्याच्यासाठी ते रोज आजच सकाळी झालेलं असतं. गुन्हा आठवतो, शिक्षा आठवत नाही. म्हातारा झाला, दात पडले, सगळं आयुष्य त्या उंच खिडक्यांखाली गेलं, ते सगळं पुसलं गेलं आणि तेवढी एक सकाळ राहिली. येईल त्याला सांगतो. माळ्याला सांगतो, दूधवाल्याला सांगतो. मी हात धरून म्हटलं, बाबा, शिक्षा भोगून झाली, सुटलात तुम्ही. तो म्हणाला, "असं कसं? अजून धरलंच नाही." मी शंभरदा सांगितलं. ते काही डोक्यात शिरत नाही. शिकवायचं ते मी शिकवून बसलो, आता पाटीवर जागाच नाही.

सिस्टरना हे सगळं सांगितलं. वाटलं होतं की म्हणतील, बघ, मी सांगत नव्हते? त्या म्हणाल्या, "साखळीत मेला असता तर तू हेच डोकं धरून बसला असतास. जात जा रविवारचा." म्हणून जातो. गेलो की मी खाली बसतो, डोकं त्याच्या मांडीशी नेतो. तो कानामागं अंगठा फिरवतो. मी म्हणतो, बघ दादा, भरलंय, वरून केस आलेत. तो म्हणतो, "भरलं की." आणि थोडा वेळ पाय आत घेतो. नंतर परत काढतो, पण थोडा वेळ घेतो.

काल रविवारी परत येताना बसमध्ये मला ते दुसऱ्या फळीचं आठवत राहिलं. भाऊ पडलेला आणि हा माप घेऊन फळी कापतोय. ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मग कळलं की काटा त्याच्यामुळे आलाच नव्हता.

मी चाकाचे नट आवळायला विसरलो होतो. चूक माझी होती, गाडीत पोरंबाळं बसायची होती, तू चिडणं बरोबर होतं. पाना तुझ्या हातात होता. मी खाली पडलो तेव्हा मला गाडीच्या खालून तुझे पाय दिसत होते. तू माझ्याकडे आला नाहीस. तू तोच पाना घेऊन बसलास आणि नट आवळायला लागलास. एक झाला, दुसरा झाला. माझ्या कानातून गरम काहीतरी वाहत होतं आणि तू नट आवळत होतास. मी उठून चालायला लागलो, आणि चालतच राहिलो. गोदाम, बंदर, कुठं कुठं. पाना मी कधीच विसरलो, दादा. ते नट आवळणं काही मला विसरता येत नव्हतं. मला वाटायचं, याला माझ्यापेक्षा चाक मोठं.

आता बाबाचे हात बघून बघून कळतं. काहीतरी नीट बसवायचं होतं तुला. जे समोर होतं ते बसवलंस.

तू मला उत्तर का देत नाहीस तेही कळतं. तुला वाटत असेल की पत्रात आधी 'ते' लिहायला लागेल. नको लिहूस. माझ्यापुढे कुणी काही म्हणून दाखवायचं नाही. तू विसरला असशील तर विसर, मी आखूड फळी घेऊन येणार नाही. आणि विसरला नसशील, रोज सकाळी तुझाही पाय बाहेर असेल, तर ऐक: मी मेलो नाही. नोकरी करतो, भात खातो, म्हाताऱ्यांच्या दाढ्या करतो. एकदा येऊन बघून जा. अंगठा फिरवून बघ हवं तर.

येशील तेव्हा तुरुंगाच्या फाटकासमोरच्या बाकावर जागा असते. फक्त माझ्या डाव्या बाजूला बसू नकोस. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं होतं, त्या बाजूनं मला काही ऐकू येत नाही. उजवीकडे बस.

बारक्या